उंबरठा ओलांडण्याची विद्या

श्रावणातल्या झडीच्या दिवसांत सांगली शहरात दोन परिचित भेटले, म्हणजे प्रकृतीची विचारपूस होण्याआधी ‘आयर्विनला किती झालं?’ हा प्रश्न निघतो. परगावच्या माणसाला त्याचा अर्थ उमगणार नाही. परंतु कृष्णेच्या काठी ज्याचे घर आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पुलापाशी नदीची पातळी मोजतात. ती 40 फुटांवर गेली म्हणजे इशारा आणि 45 फुटांवर गेली म्हणजे धोका, असा सरकारी शिरस्ता आहे. कोल्हापुरास पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यापाशी हेच आकडे 39 आणि 43 असे आहेत. 2019 च्या ऑगस्ट महिन्यात आयर्विनचे पाणी 57 फुटांच्याही वर चढले, आणि ज्यांनी आजवर पूर अंगणाबाहेरूनच परतताना पाहिला होता, अशा कित्येकांच्या घरांत त्या वर्षी नदीने मुक्काम केला.

आयर्विनपाशी इशाऱ्याचा आकडा आणि धोक्याचा आकडा यांच्यामध्ये पाच फुटांचे अंतर आहे, आणि हे अंतर नदी कापीत असताना गावाने काय करावयाचे, हा या प्रकरणाचा विषय आहे. धरणातून विसर्ग किती चालू आहे हे पाटबंधारे खाते कळविते. छावणी कोणत्या शाळेत उघडावयाची याची तजवीज तहसील कचेरी करते. बोटी येतात, ग्रामपंचायतीचा भोंगा वाजतो. परंतु खालच्या आळीतील पाचव्या घरची सून नवव्या महिन्यात आहे; तिच्या शेजारच्या म्हातारीला अर्धांगवायू झाल्यापासून खाटेसकट उचलावे लागते; पलीकडच्या घरातील शाळकरी मुलगा रोज इन्सुलिन टोचून घेतो; आणि वळणावरच्या झोपडीतील मजूर क्षयाच्या गोळ्या घेत आहे, ज्या त्याने चुलीवरच्या कोनाड्यात ठेवल्या आहेत; हा सारा तपशील एकत्र असा कोणत्या दप्तरात सापडेल? काही आशाताईंच्या वहीत असतो, काही अंगणवाडीच्या रजिस्टरात, काही उपकेंद्राच्या कपाटात, आणि पुष्कळसा केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यात. तो घरोघर हिंडून, विचारून, पडताळून एका वहीत आणण्याचे काम ज्यांच्याकडून करून घेता येते आणि ज्यांच्या शिक्षणाचाच ते एक भाग आहे, असा एक वर्ग आपल्याकडे आहे. परिचर्येचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी हा तो वर्ग होय.

परिचारिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रुग्णालयाचा लांबलचक कक्ष उभा राहतो. तिच्या शिक्षणाचा एक मोठा हिस्सा त्या कक्षाच्या बाहेर, धुळीच्या रस्त्यावर घडतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘कम्युनिटी पोस्टिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आठवड्यांत विद्यार्थिनींची तुकडी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील गावी किंवा शहरातील एखाद्या वस्तीत जाते आणि प्रत्येकीच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. सपाट मुलखात 5,000 आणि डोंगरी व आदिवासी मुलखात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे सरकारी प्रमाण आहे. त्या उपकेंद्रातील एकट्या-दुकट्या नर्सबाईने प्रत्येक घराची कुंडली तोंडपाठ ठेवावी, ही अपेक्षा माणुसकीला धरून होणार नाही. विद्यार्थिनी तिथे तिचे हातपाय होतात. पण त्याआधी त्यांना एक गोष्ट शिकावी लागते, जी पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकलेली असते आणि प्रत्यक्षात आयुष्यभर पुरते: दुसऱ्याचा उंबरठा कसा ओलांडावा.

तिच्या खांद्यावर एक पिशवी असते. त्या पिशवीचे शास्त्र आहे, आणि ते मला नेहमीच विलक्षण सुंदर वाटत आले आहे. घरात शिरल्यावर विद्यार्थिनी स्वच्छशी जागा पाहते, तिथे वर्तमानपत्राचा कागद पसरते आणि त्यावर पिशवी ठेवते. घरच्या जमिनीला पिशवीचा आणि पिशवीला घरच्या जमिनीचा स्पर्श होऊ नये, हा त्यातला हेतू. मग ती साबण आणि पंचा बाहेर काढते आणि इतर कशालाही हात लावण्यापूर्वी आपले हात धुते. लागेल तेवढेच सामान काढावयाचे, वापरलेले आणि न वापरलेले एकमेकांत मिसळू द्यावयाचे नाही, आणि निघताना कागदाची मळकी बाजू आत घेऊन घडी घालावयाची. तापमापक, रक्तदाबाचे यंत्र, मोजपट्टी, लघवी तपासण्याचे साहित्य, मलमपट्टी, असा त्या पिशवीतला ऐवज फार मोलाचा नसतो. परंतु घरातील पाचसात जोड डोळे तिच्याकडे टक लावून पाहत असताना ती जेव्हा काही न बोलता हात धुते, तेव्हा स्वच्छतेवरील जे व्याख्यान ती नंतर चित्रफलक दाखवून देणार असते, त्याचा उत्तम अर्धा भाग देऊन झालेला असतो.

पहिल्या भेटीत बहुधा काही कळत नाही. ‘सगळं ठीक हाय, बाई,’ एवढ्यावर घर आटोपते. दुसऱ्या भेटीत मुलाच्या लसीकरणाचे कार्ड ट्रंकेतून बाहेर येते. तिसऱ्या भेटीला आजी म्हणते, ‘पोरी, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई,’ आणि चहा उकळत असताना, आपल्याला रात्री दिसत नाही, घरात कोणाला सांगितलेले नाही, हेही हळूच सांगून टाकते. ज्या माणसाला रात्री दिसत नाही, त्याला रात्री पूर आला असता काठी टेकीत स्वतःहून शाळेपर्यंत जाता येणार नाही. म्हणून ही चहाच्या कपाबरोबर आलेली वार्ता आपत्तिव्यवस्थापनाच्या दृष्टीने कोणत्याही उपग्रहाच्या छायाचित्राइतकीच मोलाची आहे. ती मिळविण्याला तिसरी भेट लागते, हे मात्र कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते.

उंबरठा चुकीच्या रीतीने ओलांडला म्हणजे काय होते, याचा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांत साथ पुण्यास पोहोचली. 1897 च्या आरंभी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा मंजूर केला. पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. आणि मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत फिरल्या. रोग्यास वेगळे काढावे, घर धुऊन निर्जंतुक करावे, ही त्या काळच्या वैद्यकाला मान्य असलेली उपाययोजनाच होती. पण ती ज्या रीतीने अंमलात आली, तिने स्वयंपाकघर आणि देवघर यांचा विचार केला नाही, स्त्रियांच्या लज्जेची बूज राखली नाही, आणि लोकांनी जे केले ते कोणत्याही भयभीत समाजाने केले असते: त्यांनी रोगी लपविले, प्रेते लपविली, कित्येकांनी गाव सोडले, आणि सोडताना रोगही बरोबर नेला. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वश्रुत आहे. परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्या इतिहासाकडे आणखी एका बाजूने पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: दाराशी उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवकावर विश्वास नसला म्हणजे उत्तम औषधसुद्धा दाराबाहेरच राहते.

त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, दुसऱ्या रीतीनेही उंबरठे ओलांडले जात होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, आणि साठी उलटून गेलेल्या सावित्रीबाई स्वतः वस्त्यांतून हिंडून रोग्यांना तिथे आणीत. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. रोग त्यांना जडला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. परिचर्येची पदवी त्यांच्याजवळ नव्हती; पण ज्या वस्तीत त्या शिरल्या, ती वस्ती त्यांना अर्धशतकापासून ओळखत होती. मुलींना अक्षर शिकविण्यासाठी त्यांनी जो उंबरठा तरुणपणी ओलांडला होता, तोच म्हातारपणी प्लेगचा रोगी उचलण्यासाठी त्यांना खुला राहिला. शांततेच्या काळात जोडलेली ओळख आपत्तीच्या काळात कशी कामी येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे देता येणार नाही.

पुढे 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन निघाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, ज्यांना घराच्या मागच्या खोलीपलीकडे जग नव्हते. आणि परक्या पुरुषाच्या, परक्या जातीच्या माणसाच्या देहाला हात लावावयाचा, या कल्पनेनेच तत्कालीन पांढरपेशा समाज हादरला होता. ज्या बायकांना समाजाने अशुभ म्हणून ओटीवर येऊ दिले नाही, त्याच बायका बाळंतिणीच्या खोलीत सर्वांत आधी बोलावल्या जाऊ लागल्या. हा बदल एका पिढीत घडून आला, आणि तो घडवून आणण्यासाठी त्या पहिल्या विद्यार्थिनींनी जे बोल सोसले असतील, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही, याची मला खंत वाटते.

नाइटिंगेलबाईंचे नाव या प्रकरणात आतापर्यंत आले नाही, याचे वाचकांस आश्चर्य वाटले असेल. त्यांच्या हातातील दिवा इतका प्रसिद्ध झाला आहे की, त्यांच्या दुसऱ्या हातातील वही कोणाच्या लक्षात राहिली नाही. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात 1855 च्या फेब्रुवारीत शंभर रोग्यांमागे सुमारे 42 दगावत होते. गटारे धुऊन काढली गेली, हवा आणि पाणी यांचा बंदोबस्त झाला, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरास दोनवर आले. शिपाई तोफेपेक्षा घाणीने अधिक मरतात, हे त्यांनी आकड्यांनी आणि चक्राकार आकृत्यांनी सिद्ध करून दाखविले, आणि 1858 मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना आपली पहिली स्त्री सभासद करून घेतले. 1860 साली त्यांनी सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, आणि हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकता येथील खेड्यांच्या आरोग्याविषयी त्या उतारवयापर्यंत लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. परिचारिकेने मोजावे, लिहावे आणि लिहिलेले अधिकाऱ्यांपुढे ठेवावे, हा त्यांचा वारसा आहे; आणि कृष्णाकाठच्या वहीचे मूळ तिथे आहे.

मोजण्याचा विषय निघाला आहे म्हणून विहिरीचे उदाहरण घेऊ, कारण पूर ओसरल्यावर गावाला पहिला धोका पाण्याचा असतो, आणि आपल्या खेड्यांतून ज्याला टीसीएल पावडर म्हणतात ती क्लोरीनची भुकटी किती टाकावयाची, हा प्रश्न प्रत्येक वेळी अंदाजाने सोडविला जातो. विद्यार्थिनीला तो हिशेबाने सोडविता येतो. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर असेल, तर व्यासाचा वर्ग 9, त्याला खोलीने गुणिले 36, त्याला 3.14 ने गुणून 4 ने भागले म्हणजे 28 घनमीटरांहून थोडे अधिक, म्हणजेच सुमारे 28,000 लिटर पाणी झाले. चांगल्या प्रतीची पावडर साधारणतः दर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम लागते. तेव्हा या विहिरीला निदान 70 ग्रॅम हवी. पुराचा गाळ आत गेला असेल तर पुष्कळच जास्त लागेल, आणि ते तपासून ठरवावे लागेल. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावयाचे, एक तास थांबावयाचे, आणि मग ओटी चाचणी करावयाची. पाण्याला पिवळी झाक आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पोत्याचे तोंड उघडे राहिलेली, दमट खोलीत वर्षभर पडलेली पावडर नुसती पांढरी माती होते, ही गोष्ट गावच्या शिपायाला दाखवून देणे, त्याच्याच हाताने हिशेब करविणे, आणि व्यास-खोलीचे आकडे विहिरीच्या कठड्यावर रंगवून ठेवणे, एवढे जरी एका तुकडीने एका पावसाळ्यापूर्वी केले, तरी तिचे त्या गावचे राहणे सार्थकी लागले असे मी म्हणेन.

अतिसाराच्या बाबतीत तर आईच्या हाती दिलेले ज्ञान डॉक्टरच्या हातातील सुईच्या तोडीचे ठरू शकते, हे एका भीषण आपत्तीनेच सिद्ध केले. 1971 साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात, बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या पाण्यात मिसळून ते पाणी रोग्यांच्या नातलगांकरवीच पाजण्याचे ठरविले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्याही खाली आले. आज विद्यार्थिनी अंगणवाडीसमोर बायकांना जमवून, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ कालविते, आणि प्रत्येकीला चव घ्यावयास लावते; आसवांहून अधिक खारट लागले तर ते पाणी ओतून द्यावयाचे. बनगावची हकिकत तिने त्या वेळी अवश्य सांगावी. बायका ती ऐकतात.

आता भूकंपाकडे वळतो, कारण तिथे इशाऱ्याचे पाच फूट नसतात. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती पोहोचवून उशिरा परतलेली माणसे गाढ झोपेत. आणि लातूर-धाराशिव भागातील किल्लारीच्या परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींवर मातीचे अवजड माळवद तोललेली घरे क्षणार्धात खाली आली. सुमारे 10,000 माणसे गेली, आणि 52 गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. बाहेरून मदत येईपर्यंतचे तास अशा वेळी निर्णायक असतात, आणि ढिगाऱ्याखालचा माणूस त्या तासांत बहुधा त्याच्या शेजाऱ्यालाच सापडतो. म्हणून शेजाऱ्याचे हात शिकलेले असले पाहिजेत. मानेला किंवा पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाचे हातपाय धरून त्याला ओढू नये. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा आणि तो सारखा उचलून पाहू नये. मोडलेला पाय फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधावा. श्वास आणि नाडी थांबलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब द्यावा. या गोष्टी दहावीच्या मुलामुलींना एका दुपारी शिकविता येतात, आणि परिचर्येचे विद्यार्थी त्या शिकवितात तेव्हा वर्गातली भीड फार लवकर मोडते, कारण शिकविणारी शिकणारीहून चारच वर्षांनी मोठी असते.

विद्यार्थिनीला स्वतःला याहून कठीण विद्या शिकावी लागते. अनेक जखमी एकाच वेळी समोर आले, तर आधी कोणाकडे वळावे? रुग्णालयाच्या आवारात अशा प्रसंगाची रंगीत तालीम घेतात. कोणी जखमी होऊन पडतात, गळ्यात चिठ्ठ्या असतात, आणि विद्यार्थिनीला प्रत्येकापाशी अर्धा-एक मिनिटच थांबावयाचे असते. ज्याला चालता येते त्याला हिरवी खूण. श्वास मिनिटाला तीसपेक्षा वेगाने चालला असेल, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत तांबूस होत नसेल, किंवा ‘माझा हात दाबा’ एवढेही कळत नसेल, त्याला तांबडी, तो आधी. ज्याला थोडे थांबता येईल त्याला पिवळी. आणि वायुमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास चालू होत नाही, त्याला काळी. मोठ्याने ओरडणारा बहुधा हिरवा किंवा पिवळा निघतो आणि गप्प पडलेला तांबडा, हे या तालमीतून कळते. परंतु काळी खूण बांधून पुढे जाणे, ज्या हातांना आजवर प्रत्येक रोग्यापाशी थांबावयाची सवय लावली त्या हातांनी ते करणे, हे खोट्या जखमीच्या बाबतीतसुद्धा पहिल्या वेळी जमत नाही. त्या मुली रडतात. त्यांच्या शिक्षिकांनी त्या रडण्याला लाजवू नये. त्याच संध्याकाळी त्यांना एकत्र बसवून बोलू द्यावे, कारण प्रत्यक्ष आपत्तीनंतर मदत करणाऱ्यांचे मनही असेच बोलण्याची वाट पाहत असते.

पुराच्या गावातले धोके पुष्कळसे लहान आणि घरगुती असतात, म्हणून ते व्याख्यानांतून सुटतात. पाणी चढले की साप कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार ओळखता आले नाहीत तरी चालेल, कारण आपल्याकडील प्रतिसर्पविष चारींवर चालते. पण दंशाची जागा चिरू नये, करकचून दोरी बांधू नये, अंग हलू न देता रुग्णालय गाठावे, एवढे प्रत्येक घराला माहीत हवे. (प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या परळच्या संस्थेने पुढे प्रतिसर्पविषाच्या निर्मितीतही नाव मिळविले, हा योगायोग मला लक्षणीय वाटतो.) उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो; 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईने या रोगाचे बळी मोजले. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये, उतरावेच लागले तर नंतर आलेला ताप अंगावर काढू नये. वीज गेली म्हणजे फ्रिज बंद पडतो. इन्सुलिनची कुपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या भांड्यात ठेविली तर ती बराच काळ सुस्थितीत राहते. औषधांच्या चिठ्ठ्या, आधारपत्र, बाळाचे कार्ड यांची एक जलरोधक पिशवी दाराशेजारच्या खुंटीला टांगून ठेवावी. विद्यार्थिनी हे सांगून थांबत नाही. ती पिशवी आपल्यासमोर भरवून घेते आणि पुढच्या भेटीत ती खुंटीवर आहे की नाही ते पाहते.

एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे. विद्यार्थी म्हणजे फुकटचे मनुष्यबळ नव्हे. सर्वेक्षण असो, मोहीम असो, मेळावा असो, गर्दी हवी असली की परिचर्या महाविद्यालयाला हुकूम पाठवावयाचा, मुलींनी उन्हात रांगेत उभे राहावयाचे, छायाचित्र निघावयाचे आणि सायंकाळी बस परत जावयाची, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्याने ना गावाचे भले होते ना विद्यार्थिनीचे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या मे महिन्यात, अंतिम वर्षाच्या परिचर्या विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ रुग्णसेवेवर घेण्याची मुभा सरकारला द्यावी लागली. तेव्हा या मुलामुलींचे मोल सर्वांनाच कळले. देखरेख, सुरक्षिततेची साधने, राहण्याची सोय आणि अभ्यासाचे न बुडालेले तास, या त्यांच्या बाबतीतील जबाबदाऱ्या संकटाच्या काळी सोडून द्यावयाच्या नसतात. उलट त्याच काळी त्या अधिक कडकपणे पाळावयाच्या असतात. 1946 साली भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा या देशात 43,000 माणसांमागे एक परिचारिका होती. ती दरी भरून काढण्यासाठी ज्यांना आपण घडवीत आहोत, त्यांना शिकत असतानाच थकवून टाकणे ही फार वाईट काटकसर आहे.

पूर्वतयारीने काय साधते, हे ओडिशाच्या किनाऱ्यावर पाहावे. 1999 च्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळात तिथे सुमारे 10,000 माणसे मेली. 2013 च्या ऑक्टोबरात तसेच प्रचंड वादळ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलविली गेली होती, आणि मृतांची संख्या काही डझनांत राहिली. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, इशाऱ्याची यंत्रणा सुधारली; आणि कोणाच्या दारात कोणी जाऊन सांगावयाचे, हे गावोगाव ठरविले गेले.

कृष्णाकाठची वही मृग लागण्यापूर्वी पुन्हा उघडावी लागते. आधीच्या तुकडीने लिहिलेली नावे घेऊन नवी तुकडी आशाताईंबरोबर तीच दारे पुन्हा वाजविते. पाचव्या घरातल्या सुनेच्या नावापुढे ‘नववा महिना’ असे होते, तिथे ‘मुलगी, वजन चांगले, लसी वेळेवर’ अशी नोंद होते. क्षयाच्या मजुराचा औषधोपचार पुरा झालेला असतो. त्याचे नाव हिरव्या शाईने खोडले जाते. अर्धांगवायूच्या म्हातारीला उचलण्यासाठी ज्या दोन तरुणांची नावे लिहिली होती, त्यांपैकी एक कामासाठी पुण्यास गेला आहे. त्याच्या जागी दुसरा शोधावा लागतो, तो सापडतो, वहीत त्याचा नंबर लिहिला जातो. मग त्या पानांच्या तीन प्रती होतात: एक उपकेंद्रात, एक पोलीस पाटलांकडे, एक आशाताईंच्या घरी, माळ्यावर, पाणी पोहोचणार नाही इतक्या उंच.